मोटरहोम, इथेनॉल आणि ॲव्हरेज: एका मोसमाच्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, अँकेनी, आयोवा

रात्रीचं तापमान शून्याच्या वर राहू लागलं, म्हणून आज मोटरहोम गोदामातून घरी आणली. गेल्या ऑक्टोबरात जुनी घेतलेली गाडी. २००८ ची फोर्ड ई-४५० चासी, ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन, ५५ गॅलनची टाकी. वीज देणारा जनरेटरही त्याच टाकीतून पेट्रोल ओढतो. विकणाऱ्या गृहस्थांनी किल्ली देताना बजावलं होतं, "इथेनॉलचं पेट्रोल घालू नका. ॲव्हरेज पडतं आणि इंजिन खातं." मोटरहोमवाले भेटले की हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येतं.

या एका वाक्यात दोन वेगळे दावे आहेत. ॲव्हरेज पडण्याचा प्रश्न चालत्या गाडीचा आहे, इंजिन खाण्याचा प्रश्न मला तरी उभ्या गाडीचा वाटतो. या मोसमात दोन्ही वेगवेगळे तपासायचे आणि इथे टिपत जायचं, असं ठरवलं.

आधी कागदावरचा हिशोब. एक गॅलन पेट्रोलमध्ये साधारण १ लाख १४ हजार बीटीयू (ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये ७६ हजार. दहा टक्के मिसळलं तर गॅलनमागे १ लाख १० हजार उरते. म्हणजे ई-१० वर ऊर्जा सव्वातीन टक्क्यांच्या आसपास कमी, ई-१५ वर पाच टक्के. अमेरिकन सरकारचं इंधन-बचतीचं संकेतस्थळही ई-१० साठी तीन ते चार टक्के आणि ई-१५ साठी चार ते पाच टक्के घट सांगतं. आठ मैल देणाऱ्या गाडीत तीन टक्के म्हणजे पाव मैल. हा पाव मैल रस्त्यावर मोजून दिसतो का, हे पाहायचंय.

२६ एप्रिल

आज दिवसभर जनरेटर. सुरू होतो, पण लोड नसताना आवाज वरखाली होत राहतो. एसी लावला की दम तोडून बंद. चोक अर्धा ओढून धरला की बरा चालतो, म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय.

कार्ब्युरेटर उतरवला. वाडग्याच्या तळाशी पिवळट, चिकट थर होता आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी, उजेडाकडे धरून पाहिला तर भोक जेमतेम अर्धं मोकळं. टाकीतून येणाऱ्या रबरी नळीचा शेवटचा वीतभर तुकडा वाकवला तर बाहेरून बारीक भेगा, आणि आतली बाजू बोटाला काळी लागते.

हे कसं होतं ते नीट लिहून ठेवतो. वाडग्यात चार-दोन चमचेच पेट्रोल असतं आणि त्याला हवा लागलेली असते. हलके घटक महिन्याभरात उडून जातात, उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखं होतं. इतकं साध्या पेट्रोलमध्येही घडतं, त्याचा दोष इथेनॉलला देता येणार नाही. इथेनॉल त्यात दोन गोष्टींची भर घालतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि ओलं इथेनॉल ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूंना चावतं. ती पांढरी भुकटी त्याचीच. दुसरं, ते जुन्या रबराला फुगवतं, आणि ते रबर पुढे वाळलं की तडकतं.

जेट क्लीनरमध्ये भिजवून तांब्याच्या बारीक तारेने मोकळा केला. स्टीलची तार वापरायची नाही, भोक मोठं होतं. वाडग्याचं गॅस्केट आणि फ्लोटची सुई नवी. नळी पूर्ण बदलली. घेताना अंगावरचा शिक्का पाहून घेतला: एसएई जे-३०, आर-९. या प्रतीच्या नळीला आतून फ्लुरोइलॅस्टोमरचं अस्तर असतं, त्याला इथेनॉलचं वावडं नाही. साधी आर-७ स्वस्त मिळते, पण गाडीच्या पोटाखाली, एक्झॉस्टच्या शेजारी जाणाऱ्या नळीत पैसे वाचवायचे नाहीत. नळीत टाकीच्या बाजूला एक बंद-चालू कॉकही बसवला, तो नोव्हेंबरात लागेल.

संध्याकाळी जनरेटर एसीसकट तासभर एकसुरात चालला.

३ मे

मोजणीची पद्धत ठरवली. इथून आय-३५ ने उत्तरेला क्लिअर लेक, जेमतेम शंभर मैल, आणि तोच रस्ता परत. जाऊन-येऊन मोजल्यामुळे चढ-उतार आणि वारा बराचसा वजा होतो. पहाटे निघायचं, कारण आयोवात ऊन चढलं की वारा उठतो. क्रूझ ६० मैलांवर, एसी बंद, पाण्याच्या टाक्या दर वेळी सारख्याच भरलेल्या, टायरचा दाब थंड असताना तपासलेला. पेट्रोल एकाच पंपाच्या एकाच नोझलमधून, पहिल्या क्लिकपर्यंतच.

दुसरी अडचण टाकीतल्या उरलेल्या पेट्रोलची. दहा गॅलन ई-१० शिल्लक असताना वर चाळीस गॅलन बिनइथेनॉलचं भरलं तरी मिश्रणात दोन टक्के इथेनॉल राहतंच. म्हणून प्रत्येक बदलाआधी टाकी शक्य तितकी खाली आणायची.

पंपावरच्या पाटीवर विश्वास ठेवून चालणार नाही, म्हणून पाण्याची चाचणीही केली. मोजपट्टीच्या काचनळीत १० मिलि पाणी, वर ९० मिलि पेट्रोल, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर १० वरून १९ च्या जवळ आला तर पेट्रोलमध्ये सुमारे दहा टक्के इथेनॉल. ई-१० च्या नमुन्यात तसाच आला. 'नो इथेनॉल' पाटीच्या पंपाचा थर दहावरच राहिला. हे उघड्यावर करायचं, आसपास आग नको, आणि नमुना नंतर मातीत ओतायचा नाही.

१७ मे

ई-१० ची फेरी. २०४ मैल, २४.९ गॅलन. म्हणजे गॅलनला ८.१९ मैल.

डॅशखालच्या सॉकेटला कोड वाचणारं उपकरण जोडून फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते. लांब पल्ल्याचा ट्रिम दोन्ही बँकांवर (सिलिंडरच्या दोन्ही रांगांवर) अधिक तीनच्या आसपास. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९ पट, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. ई-१० चं प्रमाण १४.१ च्या जवळ येतं. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेलं, दिसतं आणि कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. चालकाला काही जाणवत नाही, पेट्रोल मात्र थोडं जास्त जातं.

जनरेटरमध्ये ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. जेटचं भोक ठरलेलं, ते काही दुरुस्त करत नाही. ई-१० वर तो पातळच चालतो आणि तापतोही थोडा जास्त. एकाच टाकीतून पिणारी ही दोन इंजिनं, म्हणून यापुढे त्यांचा विचार वेगवेगळाच करायला हवा.

३१ मे

बिनइथेनॉलच्या ८७ ऑक्टेनची फेरी. (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची अवेळी न पेटण्याची ताकद.) टाकी जवळजवळ कोरडी करून भरलं होतं. पहाटे पान हलत नव्हतं. २०४ मैल, २४.० गॅलन. ८.५. ट्रिम उणे एक.

फरक पावणेचार टक्के, कागदावरच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त. क्लिकच्या भरणीत पाव गॅलनची चूक सहज असते आणि पाव गॅलन म्हणजेच एक टक्का. त्यामुळे आकडा तीन की चार, यावर मी वाद घालणार नाही. दिशा आणि माप हिशोबाला धरून आहेत.

१४ जून

पुन्हा ई-१०. परतताना एम्सच्या वर दक्षिणेचा वारा सुटला, तोही थेट नाकावर. पवनचक्क्या जोरात फिरत होत्या. २७.६ गॅलन गेले. ७.३९.

तेच पेट्रोल, तोच रस्ता, तोच वेग, आणि नऊ-दहा टक्क्यांची घट एकट्या वाऱ्याने केली. मोटरहोमचं तोंड म्हणजे सपाट भिंत. वारा न टिपता कोणी "इथेनॉलने माझं ॲव्हरेज एका मैलाने पाडलं" म्हणत असेल, तर त्यातला बराचसा मैल हवेत गेलेला असतो.

२२ जून

आज पैशांचा हिशोब. आमच्या पंपावर बिनइथेनॉलचं ८७ हे ई-१० पेक्षा गॅलनला साधारण ५० सेंट महाग. ई-१० तीन डॉलरच्या आसपास. साडेतीन टक्के जास्त ॲव्हरेजची किंमत गॅलनला दहा-अकरा सेंट. म्हणजे चालत्या गाडीत केवळ ॲव्हरेजसाठी बिनइथेनॉलचं भरणं परवडत नाही.

त्याच पंपावर ई-१५ पण आहे, 'अनलेडेड ८८' नावाने, आणि सगळ्यात स्वस्त. आयोवासह मध्यपश्चिमेतल्या राज्यांत २८ एप्रिलपासून ते उन्हाळ्यातही विकायची परवानगी झाली आहे. शिवाय २०२२ च्या राज्याच्या कायद्याने बहुतेक पंपांना ते ठेवावं लागणार आहे. ८८ हा आकडा ८७ पेक्षा मोठा आणि दर कमी, त्यामुळे हात तिकडे जाणं साहजिक आहे. मोटरहोमवाल्यांनी तो मागे घ्यावा. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने (ईपीए) २०१० आणि २०११ मध्ये ई-१५ ला जी सूट दिली ती २००१ आणि नंतरच्या हलक्या वाहनांना. साडेआठ हजार पौंडांवरची जड पेट्रोल वाहनं, मोटरसायकली, बोटी आणि लहान इंजिनं त्यात नाहीत. माझ्या दाराच्या स्टिकरवर एकूण वजन १४ हजार पौंडांहून जास्त आहे, आणि गाडीत जनरेटर हे लहान इंजिनही आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी मनाई, तीही संघराज्याच्या कायद्याने. नारिंगी लेबलवर हे छापलेलं असतं, पण अक्षर बारीक. फोर्डचं मॅन्युअलही या गाडीला दहा टक्क्यांपर्यंतच मुभा देतं.

शेजारचे गृहस्थ जन्मभर मका पिकवलेले. त्यांना ही मोजणी सांगितली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, एका बुशेलमधून पावणेतीन गॅलनच्या वर इथेनॉल निघतं आणि उरलेला चोथा जनावरं खातात, तोही हिशोबात धरा. धरायलाच हवा. या राज्यातल्या मक्याचा अर्ध्याहून जास्त भाग इथेनॉलला जातो, गावंच्या गावं त्यावर उभी आहेत. मी इथे तपासतोय ते फक्त माझ्या गाडीपुरतं, आणि तेवढंच मला ठामपणे सांगता येईल.

९ जुलै, बॅडलँड्स, साउथ डकोटा

सू फॉल्सपासून आय-९० वर पश्चिमेला. चेंबरलेनला मिझुरी नदी ओलांडली आणि पुढे वॉलपर्यंत समोरून वारा. ॲव्हरेज सातच्या खाली. लेकीने विचारलं, पेट्रोल बदललं का? पेट्रोल तेच ई-१०.

वेगाचा खेळ मात्र आजच करून पाहिला. दुपारी वारा पडल्यावर ६८ वरून ६० वर आलो, तर पुढच्या भरणीत साधारण एक मैलाची वाढ. म्हणजे बारा-तेरा टक्के, फुकट. बिनइथेनॉलच्या पंपासाठी वाकडी वाट करण्यापेक्षा उजव्या लेनमध्ये राहणं कितीतरी फायद्याचं.

इकडे पंपावर लक्ष ठेवावं लागतं. पश्चिम साउथ डकोटात 'रेग्युलर' म्हणून ८५ ऑक्टेनही विकतात. उंचीवर विरळ हवेत जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते चालून जायचं, तेव्हापासूनची ही पद्धत. आमच्या इंजिनाला ८७ लागतं. दहा हजार पौंडांच्या वर ओझं घेऊन ब्लॅक हिल्सच्या चढावर ८५ टाकणं म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. इथे इथेनॉलची जमेची बाजूही लिहिली पाहिजे. त्याचं स्वतःचं ऑक्टेन भरपूर असतं. रिफायनरी ८४ ऑक्टेनचं मूळ पेट्रोल काढते आणि दहा टक्के इथेनॉलने ते ८७ होतं. ही गोष्ट थंडीत गाडी ठेवताना पुन्हा लागेल.

१० ऑगस्ट

बाबांचा वाळव्याहून फोन. तिकडे सध्या सगळीकडे ई-२० ची चर्चा. त्यांच्या गावच्या पंपावर दुसरं काही मिळत नाही.

"अरे, तुझी ती मोजणी कुठवर आली? माझी बाइक साठ द्यायची, आता पन्नासही देईना."

मी म्हटलं, "बाबा, साठाचे पन्नास म्हणजे सोळा-सतरा टक्के. एवढं एकट्या इथेनॉलने होत नाही. एअर फिल्टर कधी बदललाय? चेन सैल आहे का? मागचा ब्रेक धरून राहतोय का ते चाक फिरवून बघा."

"बघतो. पण ऊस आपला, कारखाना आपला, इथेनॉल आपलं, आणि गाडीच का रुसते?"

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातले आकडे त्यांना वाचून दाखवले. ई-१० साठी जुळवलेल्या पण मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकीत ई-२० वर सहा ते सात टक्के घट, दुचाकीत तीन ते चार. ई-२० साठीच जुळवलेल्या चारचाकीत एक ते दोन टक्के. बाबांची बाइक जुनी, कार्ब्युरेटरची, म्हणजे माझ्या जनरेटरच्याच जातकुळीतली. तिला मिश्रण दुरुस्त करता येत नाही. रबरी नळी आणि वाडग्याचं गॅस्केट बदलून घ्या आणि महिनोन्महिने उभी ठेवू नका, एवढं सांगितलं. भारतात आता इथेनॉलसाठी मकाही वापरतात, २०२३-२४ च्या हंगामात तो उसाच्याही पुढे गेला, हे ऐकून मात्र ते बराच वेळ उसाच्या दरावर बोलत राहिले.

६ सप्टेंबर

बिनइथेनॉलची आणखी एक फेरी, शांत हवेत. ८.४३. आधीच्या आकड्याला धरून. ॲव्हरेजचा भाग इथे बंद करतो.

१८ ऑक्टोबर

पहिलं कडक थंडीचं भाकीत आलं, म्हणून राहिलेली चाचणी काल संध्याकाळी लावली. दोन झाकणबंद काचेच्या बरण्या, प्रत्येकी २५० मिलि. एकीत ई-१०, दुसरीत बिनइथेनॉलचं. तापमान १८ अंश सेल्सिअस. ड्रॉपरने पाणी घालायला सुरुवात केली.

बिनइथेनॉलच्या बरणीत पहिलाच थेंब मण्यासारखा तळाला गेला आणि तिथेच राहिला. ई-१० मध्ये थेंब नाहीसे होत होते. एका मिलिपर्यंत पेट्रोल स्वच्छ. त्यापुढे प्रत्येक थेंबाला क्षणभर धूसर होऊन पुन्हा नितळ व्हायचं. सव्वा मिलिच्या अलीकडे थांबलो. १५-१६ अंशांना ई-१० साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवतं, त्याच्याशी हे जुळतं. मग दोन्ही बरण्या घरापासून दूर, बाहेरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या.

आज सकाळी उणे दोन. बिनइथेनॉलची बरणी काल होती तशीच. ई-१० मात्र दुधाळ झालं होतं, आणि दुपारपर्यंत तळाशी वेगळा थर बसला. लक्षात घ्यायची गोष्ट ही की तो थर मी घातलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त होता. पाणी खाली बसताना इथेनॉललाही सोबत घेऊन गेलं.

टाकीत हेच झालं तर काय? वर उरतं ते इथेनॉल गमावलेलं, ८४ ऑक्टेनच्या आसपासचं पेट्रोल. खाली साचतं पाणी आणि इथेनॉल. मुख्य इंजिनाचा पंप तळाशी बसलेला, म्हणजे वसंतात पहिला घोट त्याला त्या थराचाच. जनरेटरची नळी टाकीत पाव उंचीवर थांबते, त्यामुळे तो या थरातून वाचतो.

पण आकड्यांकडे नीट पाहिलं तर घाबरण्यासारखं फारसं नाही. चाळीस गॅलन ई-१० चे थर वेगळे व्हायला सुमारे पाऊण लिटर पाणी टाकीत जावं लागेल. नुसत्या हवेच्या ओलाव्यातून, एका हिवाळ्यात, बंद झाकणाच्या टाकीत एवढं पाणी येत नाही. ते येतं तडकलेल्या झाकणाच्या रबरातून किंवा पंपाच्याच टाकीतून. झाकण आज तपासलं, रबर कडक झालं होतं, नवं झाकण लावलं. एका हिवाळ्यात खरा धोका आहे तो वाडग्यातल्या चार चमच्यांना. तिथे पाऊण लिटर लागत नाही, थोडी हवा आणि थोडे महिने पुरतात.

१ नोव्हेंबर

गाडी हिवाळ्यासाठी बंद केली. गेल्या दोन भरण्या बिनइथेनॉलच्या केल्या. मोजणीच्या दोन फेऱ्या सोडल्या तर वर्षभर ई-१० वरच चाललो, पण शेवटचं पेट्रोल पाच महिने उभं राहणार आहे, तिथे गॅलनला ५० सेंट जास्त देणं मला योग्य वाटतं. पाण्याच्या चाचणीत खालचा थर ११ च्या जरा खाली, म्हणजे टाकीत इथेनॉल जेमतेम एक टक्का उरलंय. टाकी जवळजवळ भरून घेतली, म्हणजे वर ओलसर हवेला जागा कमी. स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर जुनं होऊ न देणारं रसायन) आधी ओतला आणि मग पेट्रोल, म्हणजे आपसूक मिसळतो. बिनइथेनॉलचं पेट्रोलही जुनं होतं, म्हणून तो सोडला नाही.

मग गाडी वीस मैल फिरवून आणली, म्हणजे स्टॅबिलायझर इंजेक्टरपर्यंत गेला. जनरेटर अर्ध्या लोडवर अर्धा तास चालवला. चालू असतानाच एप्रिलमध्ये बसवलेला कॉक बंद केला. काही वेळाने आवाज वरखाली झाला आणि तो आपोआप थांबला. वाडग्याच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब डबीत काढले.

जनरेटरवाले महिन्यातून दोन तास लोडवर चालवायला सांगतात. गोदामात ते शक्य नाही, म्हणून वाडगा कोरडा ठेवला. ज्यांची गाडी दारात उभी असते त्यांनी दर महिन्याला चालवावा, ते जास्त चांगलं.

एप्रिलची कामं: कॉक उघडणे, वाडग्याचा स्क्रू घट्ट आहे ना पाहणे, पहिल्या भरणीआधी काचनळीत नमुना, नळीचे दोन्ही टोकांचे क्लॅम्प, आणि पेट्रोल फिल्टर नवा.